वाफेचं मॉडेल इंजिन मराठवाड्यात सांभाळताना: पाणी, गॅस, तेल आणि बाकीची कटकट

वाफाळ (लातूर)

४५ मिमी रुळांवरच्या, गॅसवर चालणाऱ्या खऱ्या वाफेच्या इंजिनांसाठी हा धागा. विजेची मॉडेलं कृपया दुसरीकडे. परदेशी पुस्तिका थंड हवेसाठी लिहिलेल्या असतात. "गॅसची टाकी कोमट पाण्यात धरा" हे मे महिन्यात लातुरात वाचून हसावं की रडावं कळत नाही. इथल्या बोअरच्या पाण्याला, उन्हाला आणि धुळीला काय लागू पडतं ते लिहा.

सुरुवात या प्रश्नांनी. इंजिन ०-६-० (म्हणजे सहाही चाकं ओढणारी), वापरलेलं घेतलेलं. तांब्याचा बॉयलर, पाणी साधारण १५० मिली, चालवायचा दाब ४० पीएसआय, बाहेरचे दोन सिलिंडर, डिस्प्लेसमेंट लुब्रिकेटर (वाफेबरोबर सिलिंडरला तेल पुरवणारी डबी).

१) दाब यायला आठ मिनिटं लागायला हवीत, पंधरा लागतात.
२) लुब्रिकेटरमधलं तेल पाच मिनिटांत संपतं.
३) बर्नर घुमतो, मधेच ज्योत स्मोकबॉक्समध्ये (चिमणीखालच्या पुढच्या कप्प्यात) जाऊन जळते.
४) सेफ्टी व्हॉल्व्ह ४० ला उडत नाही, काटा ५० च्या पुढे गेल्यावर उडतो.

बॉयलर_अण्णा

चार नंबर आधी. तो सुटेपर्यंत इंजिन पेटवायचं नाही. तेल-बिल सगळं नंतर.

दोन शक्यता आहेत: काटा खोटं बोलतोय किंवा व्हॉल्व्ह चिकटलाय. आधी काटा तपासा. या आकाराचे गेज (दाबमापक) पडले-आपटले की पाच-दहा पीएसआयने सहज चुकतात. टी-जोड लावून शेजारी चांगला गेज लावा आणि दाब पाण्याने द्या, हवेने नको. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे एखादा जोड सुटला तरी नुसतं थेंबथेंब गळतं. दाबलेली हवा मात्र जोडाचा तुकडा उडवते.

काटा बरोबर असेल तर व्हॉल्व्ह उघडा. गोळीचा असेल तर गोळी आणि बैठकीच्या मधे पांढरा थर दिसेल, रबरी रिंगचा असेल तर रिंग बैठकीला चिकटलेली असेल. सुटे भाग लिंबूसत्वाच्या कोमट पाण्यात अर्धा तास ठेवा, मग मऊ ब्रश. बैठकीवर पॉलिशपेपर अजिबात फिरवायचा नाही, एक ओरखडा पडला की कायमची गळती. स्प्रिंग ताणू नका, कापू नका.

परत बसवल्यावर पाणी पाऊण भरून, रेग्युलेटर (सिलिंडरकडे वाफ सोडणारी चावी) बंद ठेवून, बर्नर पूर्ण उघडा. व्हॉल्व्ह ४० च्या आसपास उडाला पाहिजे आणि उडाल्यावर काटा ४४ च्या वर जाता कामा नये, म्हणजे दहा टक्क्यांची सूट. ४४ च्या वर चढत राहिला तर व्हॉल्व्ह वाफ पुरेशी सोडत नाही. लगेच गॅस बंद.

मीटरगेज_परभणी

वापरलेलं इंजिन आहे म्हणताय, तर हायड्रॉलिक टेस्टही करूनच घ्या. नव्या बॉयलरला चालवायच्या दाबाच्या दुप्पट, जुन्याला दीडपट. म्हणजे तुमच्याला ६०. सेफ्टी व्हॉल्व्ह काढून तिथे बुच, बॉयलर काठोकाठ पाण्याने भरलेला, आत हवेचा बुडबुडा नको, हातपंपाने हळूहळू दाब. दहा मिनिटं काटा हलला नाही आणि कुठे फुगवटा दिसला नाही तर ठीक.

पितळी

याला सरकारी तपासणी लागते का? बॉयलर इन्स्पेक्टर वगैरे?

बॉयलर_अण्णा

नाही. २५ लिटरपेक्षा कमी क्षमतेचं भांडं आपल्याकडे बॉयलर कायद्यात येतच नाही. म्हणूनच म्हणतो, तपासायला दुसरं कोणी येणार नाहीये. वर्षातून एकदा टेस्ट करून तारीख आणि दाब वहीत लिहा. इंजिन विकताना ती वही सोबत द्या.

गोदाकाठ (नांदेड)

आता पाणी. एक नंबरच्या प्रश्नाचं उत्तर बहुतेक इथेच आहे.

आपला सगळा भाग काळ्या पाषाणाचा, बोअरमध्ये कॅल्शियम-मॅग्नेशियम भरपूर. हिशोब करा. कठीणपणा लिटरला ५०० मिग्रॅ धरला तर १५० मिलीत ७५ मिग्रॅ क्षार. वाफ होऊन जातं ते निव्वळ पाणी, क्षार आतच राहतात. चाळीस वेळा भरलं की तीन ग्रॅम, आणि तेही नेमके बॉयलरमधल्या ज्योतीच्या नळीभोवती, जिथे उष्णता सर्वात जास्त. क्षारांचा थर तांब्यापेक्षा कितीतरी पट कमी उष्णता वाहतो. मग ज्योत तीच, गॅस तोच, पण दाब चढत नाही आणि उष्णता चिमणीतून बाहेर.

काढायला लिंबूसत्व. किराणा दुकानात मिळतं ते चालतं.

– एक लिटर गरम पाण्यात ५० ग्रॅम. हाताला सोसवेल त्याहून थोडं जास्त गरम, उकळतं नको.
– सेफ्टी व्हॉल्व्ह, गेज, काचेची नळी काढून घ्या. व्हॉल्व्हमध्ये स्टीलच्या गोळ्या असतील तर त्याही.
– बॉयलर भरा, तोंड उघडं ठेवा. बुडबुडे येतात, तो कार्बन डायऑक्साइड. तोंड बंद केलं तर दाब तयार होतो.
– बुडबुडे थांबेपर्यंत, फार तर दोन तास. ओता, पुन्हा ताजं भरा. दुसऱ्या वेळी बुडबुडे आलेच नाहीत म्हणजे झालं.
– साध्या पाण्याने तीनदा, मग चमचाभर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा, मग पुन्हा साध्या पाण्याने.

रात्रभर ठेवू नका. आम्ल पितळेतलं जस्त खातं, पितळ गुलाबी दिसायला लागतं आणि आटे भुसभुशीत होतात. संडास साफ करायचं ॲसिड तर या खोलीतही आणू नका.

एक इशारा: जुन्या बॉयलरमध्ये कधी कधी क्षारांनीच बारीक गळती बुजलेली असते. थर गेला की पाणी ठिबकायला लागतं. म्हणून हायड्रॉलिक टेस्ट क्षार काढल्यानंतर करा, आधी नाही.

मीटरगेज_परभणी

+१. वर मी टेस्ट आधी करा असं वाचलं जाईल असं लिहिलंय, क्रम गोदाकाठ म्हणतात तोच धरा.

शेंद्रा_लेथ

बॅटरीचं पाणी वापरा, पाच लिटरचा कॅन मिळतो, विषय संपला.

गोदाकाठ (नांदेड)

संपला नाही. बॅटरीचं पाणी म्हणजे बहुतेक वेळा रेझिनमधून काढलेलं डीएम (क्षार काढून टाकलेलं) पाणी, उकळून गार केलेलं डिस्टिल्ड नव्हे. इतकं कोरं पाणी पितळेतून जस्त ओढून घेतं असं म्हणतात आणि काही इंजिन बनवणारे त्याला स्पष्ट मनाई करतात. तांब्याच्या पत्र्याला आणि ब्राँझच्या बुशांना फारसा धोका नाही. प्रश्न येतो तो पितळी फिटिंगचा.

शेंद्रा_लेथ

कारखान्यात मोठ्या बॉयलरला डीएमच घालतात की.

गोदाकाठ (नांदेड)

घालतात, पण सोबत रसायनं घालून पीएच वर ठेवतात आणि तो बॉयलर स्टीलचा असतो. आपल्या दीडशे मिलीत ते कोण करत बसणार? डीएमच हातात असेल तर नऊ भाग डीएम आणि एक भाग पिण्याचं पाणी असं मिसळा, भूक भागते त्याची.

इथे सोपा पर्याय घरचं आरओ. मीटरवर टीडीएस ५० च्या आसपास असेल तर बिनधास्त. त्याहून छान म्हणजे पावसाचं पाणी: पहिले दोन-तीन पाऊस पत्रे धुऊन जाऊ द्या, मग स्वच्छ पातेल्यात धरा, कॉफीच्या फिल्टरपेपरमधून गाळा. पाच लिटरच्या दोन कॅनमध्ये उन्हाळा निघतो.

दोन गोष्टी मात्र चालत नाहीत. सॉफ्टनरचं पाणी: त्यात क्षार कमी होत नाहीत, कॅल्शियमच्या जागी सोडियम येतं इतकंच. थर जमत नाही, पण पाणी फेसाळतं आणि वाफेबरोबर सिलिंडरमध्ये जातं. आणि एसीतून टपकणारं पाणी: त्यात कॉइलवरची धूळ, बुरशी, धातूचे कण. गाळल्याशिवाय नको, आणि गाळायचंच असेल तर पावसाचं काय वाईट?

उदगीरकर

माझ्या इंजिनात पाणी लई फेसाळूलालंय. आरओचंच घालतो. चिमणीतून थुंकल्यासारखं पाणी उडूलालंय. कशानं?

बॉयलर_अण्णा

बॉयलरमध्ये तेल गेलंय. इंजिन गार होताना आतली वाफ निवते आणि पोकळी तयार होते. ती पोकळी लुब्रिकेटरमधून तेल ओढून घेते. पुढच्या वेळी तेच तेल फेस करतं. काचेच्या नळीत पाण्याची पातळी चिकटल्यासारखी दिसते, तीही याचीच खूण.

उपाय: कोमट पाणी आणि चमचाभर धुण्याचा सोडा, हलवा, ओता, पाण्यावर तेलाचा रंगीत तवंग दिसेनासा होईपर्यंत साध्या पाण्याने धुवा. भांडी घासायचं लिक्विड वापरलंत तर धुणं दुप्पट वाढवा, कारण त्याचा अंश राहिला तरी फेस येतोच. आणि पुढे कायम: काटा शून्यावर आला की लगेच भरायचं बुच सैल करा, आत हवा जाऊ द्या. शून्याच्या आधी हात लावायचा नाही.

शेंद्रा_लेथ

आता तेल. वाफाळ, लुब्रिकेटरमधून तेल जायचं भोक आपोआप मोठं होत नाही. पाच मिनिटांत संपतंय म्हणजे तेल पातळ आहे, किंवा आधीच्या मालकाने भोक मोठं केलंय, किंवा तुम्ही भरताना खाली पाणी राहतंय.

लुब्रिकेटरचं काम साधं आहे. वाफ आत शिरते, निवते, पाण्याचा थेंब होऊन तळाला बसतो, तेवढंच तेल वर उचललं जाऊन वाफेच्या नळीत जातं. म्हणून दर फेरीनंतर तळाचं पाणी सिरिंजने ओढून काढायलाच हवं. नाहीतर "भरलं" असं वाटतं आणि निम्मं पाणीच असतं.

फेरी संपल्यावर झाकण उघडून बघा. थोडं तेल आणि बरंच पाणी असेल तर बरोबर. नुसतं तेल, पाणी नाहीच, म्हणजे भोक बुजलंय. नुसतं पाणी म्हणजे तेल फार जातंय. भोक मोठं असेल तर मल्टीस्ट्रँड वायरमधला ०.२ मिमीचा एक तांब्याचा धागा त्यातून ओवा आणि दोन्ही टोकं मुडपा. मुडपली नाहीत तर तो धागा सिलिंडरकडे जातो.

तेल स्टीम सिलिंडर ऑइलच हवं, आयएसओ ४६०, त्यात चरबीयुक्त तेल मिसळलेलं. ओल्या वाफेत तेच धातूला धरून राहतं. इंजिन ऑइल वाफेत दुधाळ होतं आणि पुढे काळा चिकटा.

पितळी

गिअर ऑइल १४०? जाडी तेवढीच असते की, आणि कुठेही मिळतं.

शेंद्रा_लेथ

जाडी जवळपास तेवढीच, पण त्यात ईपी असतं. म्हणजे गंधक आणि फॉस्फरसचे पदार्थ, आणि गरम झाल्यावर ते पितळ-ब्राँझला काळं करून खातात. आपली अर्धी मशीन पितळेचीच.

लहान डबा मिळणं हीच खरी डोकेदुखी, मान्य. वाळूज-चिकलठाण्याच्या तेलविक्रेत्यांकडे बादलीपासून पुढे बोलतात. दुकानदाराला "कंपाउंडेड वर्म गिअर ऑइल ४६०, ईपी नसलेलं" असं विचारा, त्याची जात तीच आहे. चार-पाच जणांनी मिळून घ्यावं. एका फेरीला तीन-चार मिली लागतं, बादली नातवंडांना पुरेल.

मीटरगेज_परभणी

तीन नंबरवर कोणी बोललं नाही म्हणून लिहितो.

ब्युटेनचा दाब तापमानावर चालतो. २० अंशाला गेजवर जेमतेम १.१ बार, ४० अंशाला २.८ च्या घरात. म्हणजे तोच जेट (गॅस सोडणारं बारीक तोंड), तीच गॅसची चावी, पण परभणीच्या मे महिन्यात गॅस अडीचपट जोरात ढकलला जातो. हवेची भोकं तेवढीच, म्हणून मिश्रण बिघडतं, बर्नर घुमतो आणि ज्योत नळी सोडून स्मोकबॉक्समध्ये जाते. तिथे जळत राहिली तर आधी रंग जातो, मग जवळपासच्या जोडांचा डाग (सोल्डर).

स्मोकबॉक्समध्ये ज्योत दिसली की चावी पूर्ण बंद. दहा सेकंद थांबा. चावी केसभर उघडून पेटवा, अर्धा मिनिट बारीक आचेवर नळी गरम होऊ द्या, मग हळूहळू वाढवा. तरी घुमत असेल तर हवेची रिंग थोडी थोडी फिरवून बघा. टाकी सावलीत ठेवा, वाटल्यास ओलं फडकं. उन्हात तापलेल्या डब्यातून भरू नका, टाकी काठोकाठ भरू नका, वरचा पाचवा भाग वाफेसाठी मोकळा हवा. भरताना आसपास दुसरं पेटतं इंजिन नको. क्रम: तेल, पाणी, शेवटी गॅस.

उलट, चावी पूर्ण उघडूनही ज्योत मरतुकडी असेल तर जेट बुजलाय. त्याचं भोक ०.२ मिमीच्या आसपास असतं, त्यात तार घालायची नाही. काढून ॲसिटोनमध्ये भिजवा आणि उलट्या बाजूने हवा मारा. आत बहुतेक टेफ्लॉन टेपचा कण सापडतो. गॅसच्या आट्यांवर टेप गुंडाळताना पहिले दोन आटे कोरे ठेवा.

घरच्या सिलिंडरमधून टाकी भरायचा विचार कोणाच्या मनात असेल तर तो काढून टाका. त्यात प्रोपेन असतं आणि ४० अंशाला त्याचा दाब १२ बारच्या वर जातो. या चिमुकल्या टाक्या त्यासाठी नाहीत.

गंगाखेड_स्पिरिटवाला

आमच्यासारखे गॅसऐवजी स्पिरिट जाळणारे पण आहेत इथे 🙂 आमची कटकट वातीची. वात नळीच्या वर दोन-तीन मिमी, सैल. घट्ट कोंबली की स्पिरिट वर चढत नाही. ज्योत उन्हात दिसत नाही, म्हणून भरताना आधीची विझली आहे याची खात्री हाताच्या पंजाने लांबून करा. आयसोप्रोपिल घालू नका, पिवळी ज्योत आणि नळीत काजळी.

वाफाळ (लातूर)

वाचतोय सगळं. अजून एक: वाफ गळते आहे हे कळतं, दाब उतरतो, पण कुठून ते दिसतच नाही.

बॉयलर_अण्णा

कसं दिसेल? ४० अंशाच्या कोरड्या हवेत वाफेचा पांढरा ढगच होत नाही. डिसेंबरच्या सकाळी तेच इंजिन धुराळा काढतं. थंड स्टीलचा चमचा किंवा दाढीचा छोटा आरसा सांध्याजवळ फिरवा, जिथे ओल धरेल तिथे गळती. बोट फिरवायचं नाही. ४० पीएसआयची वाफ १४० अंशाच्या वर असते.

पितळी

आणि रबरी रिंगा कोणत्या घ्यायच्या? हार्डवेअरवाला सगळ्यांना "ओ-रिंग" म्हणून एकच डबी देतो.

बॉयलर_अण्णा

त्या डबीत नायट्राइल असतं. गॅसच्या बाजूला उत्तम, वाफेच्या बाजूला कडक होऊन तडकतं. वाफेला विटॉन. सिलिकॉन वाफेत आणि तेलात टिकत नाही. ईपीडीएम वाफेला चांगलं पण तेलात फुगतं, म्हणून पिस्टनवर नको. विटॉनही कायमचं नाही, दर हंगामाला बदला, स्वस्त आहे.

उदगीरकर

विषयांतर. आपल्या मनमाड लाइनीवरचं वायपी (मीटरगेजचं वाफेचं इंजिन) बनवायचं तर स्केल कोणतं? आणि बार्शी लाइट या छोट्या रेल्वेचं?

मीटरगेज_परभणी

मीटरगेज ४५ मिमीवर आणलं की १:२२.५ जवळपास अचूक बसतं, जर्मन लोकांचं तेच स्केल आहे, डबे-चाकं तयार मिळतात. बार्शी लाइट ७६२ मिमी, लातूरला १९११ ला पोचलेली. ती ४५ वर घेतली तर १:१७, ३२ मिमीवर घेतली तर १:२४. १:१७ ला तयार काहीच मिळत नाही, सगळं हाताने. लहान दिसलं तरी चालत असेल तर १:२४ घ्या, पण मग बॉयलर इतका चिमुकला होतो की दहा मिनिटांत पाणी संपतं.

गोदाकाठ (नांदेड)

रुळांचंही एक. पितळी रूळ बाहेर टाकले असतील तर हिवाळ्याची रात्र १० अंश आणि मेची दुपार, रूळ तापून ६० अंश: दहा मीटरला साडेनऊ मिमी वाढतो. सांध्यात फट ठेवली नाही तर रूळ वाकडा होणारच, गाडी घसरणार आणि आपण इंजिनाला शिव्या देणार. थंडीत रूळ टाकत असाल तर दर मीटरला एक मिमी सोडा.

आणि धूळ. काळ्या मातीची धूळ अधिक तेल म्हणजे घासकामाची पेस्टच. व्हॉल्व्ह गिअरच्या (सिलिंडरचे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या दांड्यांच्या) पिना त्यानेच अंडाकृती होतात. चालवून झाल्यावर इंजिन गार झालं की पिना रॉकेल किंवा व्हाइट स्पिरिटच्या ब्रशने धुवा, पुसा, मग सुईने एकेक थेंब पातळ तेल. धुण्याआधी तेल घातलं तर धूळ आत ढकलली जाते.

पितळी

सेफ्टी व्हॉल्व्हच्या बुशाचे आटे थोडे गेलेत. लेथवाला म्हणतो एम६ चा (६ मिमी मेट्रिक) बारीक आटा मारून देतो, बसेल. मारू?

शेंद्रा_लेथ

थांबा! इंग्लिश बनावटीचं इंजिन असेल तर तो पाव इंच, इंचाला ४० आटे, म्हणजे ६.३५ मिमी आणि ०.६३५ मिमी पिच. एम६ त्यात सैल पडतो, दोन आट्यांवर अडकल्यासारखा वाटतो आणि दाबाखाली व्हॉल्व्हसकट उडतो. टॅप पाव-४० चाच मागवा आणि आधी तोच फिरवून साफ करा, बहुतेक वेळा आटे गेलेले नसतात, क्षार भरलेले असतात. खरंच गेले असतील तर बुश बदलणं हाच मार्ग, चांदीच्या डागाने. कथिलाने नाही: पाणी संपून बॉयलर कोरडा पडला की कथील वितळतं. फ्रिजवाल्याकडची फॉस्फरसची कांडीही कोळशाच्या इंजिनाला नको, धुरातलं गंधक तिला खातं.

बारीक स्क्रूंचंही तेच. ८ बीए (जुनं ब्रिटिश माप) म्हणजे २.२ मिमी, १० बीए १.७ मिमी. एम२ किंवा एम१.६ "थोडा जोर लावून" बसवू नका.

वाफाळ (लातूर)

गेज तपासला. दुसऱ्या गेजवर ४० असताना हा ५१ दाखवतोय. म्हणजे व्हॉल्व्ह ठीक?

बॉयलर_अण्णा

व्हॉल्व्ह ४० ला उडतोय असा त्याचा अर्थ. तरी उघडून साफ करा, आणि गेज बदला. बदलताना गेजच्या आधी नळीचा वळसा आहे ना बघा. त्यात पाणी साठून राहतं आणि थेट वाफ गेजमध्ये जात नाही. तो नसेल तर नवा गेजही वर्षभरात असाच खोटं बोलायला लागेल. पहिल्यांदा बसवताना वळशात दोन थेंब पाणी घालून ठेवा.